झाडं मोजणारा साहेब

डीट्रिख ब्रँडिस हे नाव आपल्या कॉलेजात फार थोड्या जणांना माहीत असेल. पर्यावरणाच्या पुस्तकात ते एका ओळीत येतं. भारताचा पहिला इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स, साल १८६४. ओरलला विचारतील म्हणून ती ओळ आपण पाठ करतो आणि ओरल संपली की कँटीनपर्यंत पोचायच्या आत विसरूनही जातो. खरं म्हणजे आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी या माणसाशी नीट ओळख करून घ्यायला हवी. तो जन्माने जर्मन, शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ. पण त्याने जे काम केलं ते पक्कं इंजिनिअरचं होतं. आधी मोजायचं, मग हिशेब मांडायचा, मग प्लॅन करायचा आणि त्यानंतरच कुऱ्हाडीला हात लावायचा. त्याच्या या प्लॅनचा अर्धा भाग सरकारने उचलून धरला आणि अर्धा कागदावरच ठेवला. त्या राहून गेलेल्या अर्ध्या भागाची किंमत आपल्या महाराष्ट्रानेही मोजली आहे. म्हणून हा लेख.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे जड मराठी शब्द मला झेपत नाहीत. जमेल तसं सोप्या भाषेत सांगते.

ब्रँडिसचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतल्या बॉन शहरात झाला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीसच्या राजाने त्यांना काही काळ सल्लागार म्हणून बोलावलं, म्हणून डीट्रिखची लहानपणातली एक-दोन वर्षं अथेन्समध्ये गेली. म्हणजे डोंगर, ऊन आणि उघडीबोडकी माळरानं त्याने लवकरच पाहिली. पुढे कोपनहेगन, ग्योटिंगेन आणि बॉन इथे तो वनस्पतिशास्त्र शिकला आणि बॉनच्या विद्यापीठातच शिकवायलाही लागला. आयुष्यभर तिथेच शिकवत राहिला असता, तर आज त्याचं नाव एखाद्या झाडाच्या लॅटिन नावापुरतं उरलं असतं. पण लग्नामुळे सगळं बदललं. त्याची पत्नी रेचल ही बंगालमधल्या सेरामपूरच्या मार्शमन या प्रसिद्ध मिशनरींची मुलगी. तिच्या बहिणीचं लग्न इंग्रज सैन्यातल्या हॅवलॉकशी झालेलं. या नात्यागोत्यातून ब्रँडिसचं नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीच्या कानावर गेलं. वशिला म्हणा हवं तर! पण वशिल्याने आलेला माणूस कामाचा निघू शकतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

आता त्या वेळची परिस्थिती काय होती ते बघू. इंग्रजांना सागवान हवं होतं, आणि ते प्रचंड हवं होतं. इंग्लंडमधला ओक संपत आला होता. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी मलबारच्या सागवानाची लढाऊ जहाजं बांधून इंग्रज आरमाराला देत होती. १८१७ साली इथे बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज इंग्लंडमध्ये आजही जपून ठेवलेलं आहे, यावरून ते लाकूड काय ताकदीचं होतं ते कळेल. त्यात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली आणि लाकडाच्या भुकेला सीमाच राहिली नाही. रुळाखाली दर यार्डाला एक स्लीपर धरला तरी एका मैलाला १७६० स्लीपर लागतात. आणि तो लाकडाचा स्लीपर उन्हापावसात कुजतो, वाळवी लागते, दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. म्हणजे नवीन लाइन टाकायची थांबवली तरी झाडं तोडायची काही थांबवता येत नाहीत! १८७०च्या दशकात देशाला वर्षाला दहा लाखांहून जास्त स्लीपर लागत होते.

दुसरीकडे ब्रह्मदेश, म्हणजे आजचं म्यानमार. तिथल्या तेनासरीम भागाचा ताबा इंग्रजांनी १८२६ मध्ये घेतला आणि तिथलं सागवान व्यापाऱ्यांना खुलं करून टाकलं. पंचवीस-तीस वर्षांत चांगली जंगलं साफ झाली. १८५२ च्या युद्धात पेगू प्रांत हाती आला, तेव्हा डलहौसीला भीती वाटली की इथेही तेच होणार. १८५५ मध्ये त्याने सरकारी जंगलांविषयीचं धोरण लिहून काढलं आणि १८५६ च्या सुरुवातीला पेगूच्या सागवानी जंगलांची जबाबदारी या बत्तिशीही न गाठलेल्या जर्मन प्राध्यापकावर टाकली.

प्रश्न पहिल्याच दिवशी समोर उभा होता. दर वर्षी किती झाडं तोडायची? व्यापारी म्हणणार, मिळतील तितकी. सरकार म्हणणार, तिजोरी भरेल तितकी. आणि जंगलात एकूण झाडं किती आहेत हेच कुणाला माहीत नाही! नकाशा नाही, रस्ता नाही, बांबूची बेटं इतकी दाट की दहा फुटांपुढचं दिसत नाही, वर मुसळधार पाऊस आणि मलेरिया. अशा ठिकाणी एकेक झाड मोजत बसलं तर जन्म जाईल.

ब्रँडिसने काय केलं? तो हत्तीवर बसून डोंगराच्या धारेधारेने निघायचा. डाव्या हातात चार काठ्या, उजव्या हातात खिशातला चाकू. वाटेच्या कडेने ठरावीक पट्ट्यात सागाचं झाड दिसलं की त्याच्या जाडीचा अंदाज घ्यायचा आणि त्या जाडीच्या काठीवर एक खाच पाडायची. तीन काठ्या झाडांसाठी आणि चौथी किती अंतर गेलो ते मोजण्यासाठी. वही-पेन्सिल का नाही? पावसात कागद टिकणार कसा! काठीवरची खाच मात्र भिजली तरी पुसली जात नाही. संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की खाचा मोजायच्या. पट्ट्याची लांबी-रुंदी ठाऊक, पट्ट्यातली झाडं ठाऊक, त्यावरून सगळ्या जंगलाचा अंदाज काढायचा. आपण स्टॅटिस्टिक्समध्ये जे सॅम्पलिंग शिकतो आणि ज्यात हमखास मार्क जातात, ते हा माणूस एकशे सत्तर वर्षांपूर्वी हत्तीवर बसून, तापाने फणफणत, चाकूने करत होता.

त्याने सागाच्या झाडांचे घेराप्रमाणे चार वर्ग पाडले. सहा फुटांच्या वर घेर असलेलं झाड पहिल्या वर्गात. साडेचार ते सहा फूट दुसऱ्या, दीड ते साडेचार फूट तिसऱ्या आणि त्याहून लहान ते चौथ्या. तोडायचं ते फक्त पहिल्या वर्गातलं. मित्रांनो, हे समजायला आपल्याला फार त्रास पडू नये, कारण आपण त्याच पद्धतीत राहतोय. चौथा वर्ग म्हणजे एफ.ई., तिसरा एस.ई., दुसरा टी.ई. आणि पहिला वर्ग म्हणजे बी.ई. कॉलेजातून दर वर्षी बाहेर पडायची ती बी.ई.ची बॅच. आता समजा, एखाद्या वर्षी कंपन्यांना जास्त माणसं हवीत म्हणून कुणी बी.ई.बरोबर टी.ई.लाही उचलून नेलं, तर पुढच्या वर्षी कॅम्पसला येणाऱ्यांना रिकामे वर्ग दाखवावे लागतील. जंगलाचं अगदी तसंच आहे. आणि झाडांमध्ये वायडी होणारी पोरंही भरपूर असतात हं! सावलीत दबलेली, वेलींनी आवळलेली, वर्षानुवर्षं त्याच वर्गात बसलेली.

मग ब्रँडिसने पुढचा प्रश्न घातला. दुसऱ्या वर्गातल्या झाडाला पहिल्या वर्गात जायला किती वर्षं लागतात? त्याच्या अंदाजाने उत्तर आलं २४ वर्षं. म्हणून नियम असा झाला की पहिल्या वर्गातल्या झाडांपैकी वर्षाला चोविसाव्या भागापेक्षा जास्त तोडायची नाहीत. समजा जंगलात पहिल्या वर्गाची २४,००० झाडं आहेत. तर वर्षाला १,००० तोडा. चोवीस वर्षांनी ती सगळी संपतील, पण तोवर खालच्या वर्गातली तेवढीच झाडं वर आलेली असतील. मुद्दलाला हात न लावता व्याजावर घर चालवायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. ब्रँडिसने ते सरकारच्या गळी उतरवलं, तेही आकडे पुढे ठेवून. आज ज्याला आपण सस्टेनेबल मॅनेजमेंट म्हणतो आणि सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर टाकतो, ते आपल्याकडे एवढ्या मोठ्या प्रमाणावर हिशेबाने सुरू झालं ते इथून.

हिशेब मांडणं सोपं, पाळणं अवघड. ओलं सागवान पाण्यात तरंगत नाही. म्हणून आधी झाडाच्या बुंध्याभोवती खोल वर्तुळाकार खाच पाडून ते उभ्याउभ्या वाळवायचं, दोन-तीन वर्षांनी तोडायचं, हत्तींनी ओढत ओढ्यापर्यंत आणायचं आणि पावसाळ्यात नदीत सोडायचं. कोणत्या झाडाला खाच पाडायची हे ठरवण्याचा अधिकार ब्रँडिसने सरकारी माणसांच्या हातात ठेवला. लाकडाच्या व्यापाऱ्यांना हे अर्थातच रुचलं नाही. त्यांचा दबाव सतत होता आणि हा माणूस आपले आकडे घेऊन त्याला तोंड देत होता.

दुसरा झगडा जंगलात राहणाऱ्या लोकांशी होता, आणि इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची होते. ब्रह्मदेशातले करेन लोक डोंगरउतारावर फिरती शेती करत. जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, एक-दोन पिकं घ्यायची, पुढे सरकायचं. सरकारी लोकांच्या लेखी हा गुन्हा. खटले भरून झाले, दंड करून झाला, पण माणसं पोटासाठी करतात ती गोष्ट दंडाने थांबत नाही. शेवटी तडजोड निघाली. लोकांनी जागा साफ करावी, भाताबरोबर सागाचं बी पेरावं, पीक काढून पुढच्या जागेवर जावं आणि मागे सागाची लागवड उभी राहावी. जगलेल्या रोपांमागे त्यांना पैसे मिळावेत. या पद्धतीला तिथल्याच भाषेतलं नाव मिळालं, टाँग्या, म्हणजे डोंगरातली शेती. पुढे ही पद्धत जगात इतरत्रही गेली. हुशार तोडगा होताच. पण एक लक्षात घ्या. लोकांच्या घामातून उभा राहिलेला साग सरकारचा झाला आणि ती जमीनही हळूहळू सरकारचीच झाली.

१८६२ मध्ये ब्रँडिसला सगळ्या देशाच्या जंगलांचा विचार करायला बोलावून घेतलं आणि १ एप्रिल १८६४ पासून तो हिंदुस्थानचा पहिला इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६३ मध्ये, रेचल गेली. पुढली वीस वर्षं तो देशभर फिरला. हिमालयातल्या सतलजच्या खोऱ्यातला देवदार, मध्य भारतातला साल आणि साग, दक्षिणेतली मिश्र जंगलं, सगळीकडे एकच काम. मोजा, नकाशा करा, वर्किंग प्लॅन लिहा. वर्किंग प्लॅन म्हणजे एका जंगलाचं पुढच्या काही वर्षांचं टाइमटेबल. कुठल्या भागात केव्हा तोड, कुठे लागवड, कुठे गुरांना बंदी, कुठे आगीपासून रक्षण, सगळं त्यात यायचं.

त्यासाठी शिकलेली माणसं हवीत. इंग्लंडमध्ये तेव्हा जंगलशास्त्र शिकवणारी शाळाच नव्हती! म्हणून १८६६ मध्ये ब्रँडिसने श्लिश आणि रिबेनट्रॉप या दोन तरुण जर्मनांना इकडे आणलं. पुढे हेच दोघे त्याच्यानंतर एकामागून एक त्याच्या खुर्चीवर बसले. इंग्रज मुलांना शिकायला फ्रान्स आणि जर्मनीत पाठवलं. आणि १८७८ मध्ये डेहराडूनला फॉरेस्ट स्कूल सुरू झालं, जिथून आजच्या वन संशोधन संस्थेची परंपरा सुरू होते. इंग्लंडमध्ये १८८५ पासून हिंदुस्थानसाठी वनाधिकारी तयार होऊ लागले ते कुठे, माहीत आहे? कूपर्स हिलच्या रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये! म्हणजे एकाच आवारात पूल बांधणारे आणि जंगल राखणारे शिकत होते. त्या मुलांना युरोपातली जंगलं प्रत्यक्ष दाखवायचं काम निवृत्त ब्रँडिसने कित्येक वर्षं केलं.

आता त्या राहून गेलेल्या अर्ध्या भागाकडे येते.

१८६५ मध्ये पहिला वन कायदा झाला. तो अपुरा वाटला म्हणून नव्या कायद्याची चर्चा सुरू झाली, आणि प्रश्न आला की जंगल कोणाचं? लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं चारतात, सरपण आणतात, मोहाची फुलं वेचतात. तो त्यांचा हक्क की सरकारने दिलेली सवलत? यावर सरकारातच तीन पक्ष पडले. एका बाजूला बेडन-पॉवेल नावाचा अधिकारी. (स्काउटची चळवळ सुरू करणारा बेडन-पॉवेल तो हा नव्हे, हा त्याचा सावत्र भाऊ.) त्याच्या मते ज्या हक्काचा लेखी पुरावा नाही तो हक्कच नव्हे, म्हणून जंगल सरकारने ताब्यात घेऊन टाकावं. दुसऱ्या बाजूला मद्रास सरकार. त्यांचं म्हणणं अगदी उलट, की लोकांचे हक्क असे एका फटक्यात पुसता येणार नाहीत. ब्रँडिस मधला. मोक्याची, मोठी जंगलं सरकारने राखावीत हे त्याला मान्य होतं, नव्हे, त्याचाच तो आग्रह होता. पण बाकीची जंगलं गावांच्या ताब्यात द्यावीत, गावाने ती शास्त्रशुद्ध रीतीने सांभाळावीत आणि त्यातून गरजा भागवाव्यात, असं त्याने पुन्हापुन्हा मांडलं. हे त्याने हवेतून काढलेलं नव्हतं. युरोपात गावांच्या मालकीची सुस्थितीतली जंगलं त्याने पाहिली होती. आणि इथे राजपुतान्यातल्या संस्थानिकांनी राखलेली रानं आणि देवाच्या नावाने सोडलेल्या राया पाहून, ज्यांना आपण देवराई म्हणतो, हे लोक जंगल राखू शकतात याची त्याला खात्री पटली होती.

१८७८ चा कायदा झाला तो मुख्यतः बेडन-पॉवेलच्या बाजूने. त्यात राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार आले खरे, पण ग्रामवनाची अट बघा. आधी ती जमीन सरकारचं राखीव जंगल व्हायला हवी, मगच सरकार ती गावाला देऊ शकणार! म्हणजे घरमालकाने आधी घर सोडायचं, मग भाडेकरू म्हणून अर्ज करायचा. साहजिकच ग्रामवनं बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. ब्रँडिसच्या हाताखालच्या खात्याने राखीव जंगलाच्या हद्दी भराभर आखल्या. खातं त्याचंच, त्यामुळे याची जबाबदारी त्याच्यावर येतेच. त्याने विरोध नोंदवला होता एवढ्यावर त्याला पूर्ण सोडून देता येणार नाही.

आपल्याकडे याचा परिणाम काय झाला? कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, त्याला झाडांची टहाळ लागते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या टहाळीवर आणि सरपणावर निर्बंध आले, तेव्हा तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं. आणि योगायोग बघा. ब्रँडिस १८८३ साली निवृत्त होऊन गेला आणि त्याच साली महात्मा फुले यांनी शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक लिहून पूर्ण केलं. त्यात फॉरेस्ट खात्याने डोंगर आणि गायरानं गिळल्यामुळे गरीब शेतकऱ्याची गुरं कशी मेली, याचा राग अगदी स्पष्ट आहे. ब्रँडिसच्या काठीवर सागाची झाडं बरोबर मोजली गेली होती. पण त्या झाडांखाली चरणारी शेळी आणि तिच्यामागे उभी असलेली बाई यांच्यासाठी काठीच नव्हती.

आणखी एका गोष्टीसाठीही काठी नव्हती. चार काठ्यांपैकी तीन सागासाठी. मग बाकीच्या शेकडो जातींचं काय? सागाला जागा हवी म्हणून दुसरी झाडं काढणं, वेली छाटणं, मिश्र जंगलाच्या जागी एकाच जातीची रांग उभी करणं, हे पुढे वर्किंग प्लॅनमध्ये सर्रास आलं. लाकडाचा हिशेब जमला, पण हळद्या, धनेश, भेकर, ऑर्किड, बुरशी, मुंग्या यांना त्या हिशेबात रकानाच नव्हता. ज्याला आपण आज बायोडायव्हर्सिटी म्हणतो ती अशी रकान्याबाहेर राहिली. मोजणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण मोजपट्टी एकाच गोष्टीची असली की बाकीचं जग नाही असं धरूनच प्लॅन होतो.

गंमत अशी की ब्रँडिस स्वतः त्या बाकीच्या जातींवर मनापासून प्रेम करणारा माणूस होता. स्ट्युअर्ट नावाच्या डॉक्टरने उत्तर आणि मध्य भारतातल्या झाडांचं एक पुस्तक लिहायला घेतलं होतं. तो १८७३ मध्ये वारला, तेव्हा ब्रँडिसने ते काम पूर्ण करून १८७४ मध्ये छापलं. निवृत्तीनंतर बॉनला परत गेल्यावर, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने त्याहून मोठं काम हाती घेतलं. हिंदुस्थानातली सगळी झाडं, झुडपं, मोठ्या वेली, बांबू आणि ताड-माड यांची एकत्र ओळख. इंडियन ट्रीज हे पुस्तक १९०६ मध्ये निघालं तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. त्यात साग हे हजारो जातींमधलं एक झाड आहे, बस्स. याच म्हातारपणात त्याने आपल्या देवरायांवरही लिहिलं. अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंचो हाही तरुणपणी त्याच्याकडे सल्ला घ्यायला आला होता. म्हणजे पेगूच्या त्या काठ्यांचा धडा अमेरिकेपर्यंत पोचला. २८ मे १९०७ रोजी बॉनमध्येच ब्रँडिस वारला. एका बांबूच्या जातीला आणि झुडपांच्या एका कुळीला त्याचं नाव दिलेलं आहे.

त्याची गोष्ट तिथे संपली, पण त्याचा प्लॅन अजून चालू आहे. आजही भारतातल्या जंगलाचा कारभार वर्किंग प्लॅनवर चालतो. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर मंजूर वर्किंग प्लॅनशिवाय जंगलात तोड करायला मनाई केली. रकाने मात्र वाढले. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने लाकडाच्या उत्पन्नापेक्षा निसर्गाचा तोल महत्त्वाचा मानला. २०१४ मध्ये वर्किंग प्लॅनची जी नवीन संहिता आली, तिच्यात जैवविविधता, पाणी, माती, जंगलावर जगणारे लोक यांचीही नोंद आली. १९७०च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा ब्रँडिसने ज्यांची दखल घेतली होती त्या राया कितीतरी जातींना आसरा देत उभ्या असल्याचं पुन्हा सगळ्यांसमोर आलं.

आणि ग्रामवन? त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं थांबावं लागलं. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या छोट्या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीसुद्धा बांबू कोणाचा यावर वाद झालाच. कारण वन कायद्यात बांबूला झाड धरलेलं होतं, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तर तो गवत! अखेर २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. किती तोडायचा, कुठला राखायचा, हे गावच ग्रामसभेत बसून ठरवू लागलं. ब्रँडिसने सुचवलं होतं ते याहून फार वेगळं नव्हतं.

आपल्यातले बरेच जण दोन-तीन वर्षांत साइटवर असतील. रस्त्याची आखणी, धरण, ट्रान्समिशन लाइन, काहीतरी असेलच. तेव्हा टेबलावर एक तक्ता येईल. झाडाचं नाव, घेर, संख्या. त्या तक्त्याच्या मुळाशी पेगूच्या जंगलात हत्तीवर बसलेला एक तापाने बेजार माणूस आहे, हे आठवलं तर बरं. त्याच्याकडून शिकायचं ते हे, की मोजल्याशिवाय हात लावू नये, आणि वाढीपेक्षा जास्त काढू नये. आणि जे त्याला जमलं नाही तेही त्याच्याकडूनच शिकता येतं. सही करण्याआधी त्या तक्त्याला कोणता रकाना नाही ते विचारावं. शक्यतो तिथे राहणाऱ्या माणसांना विचारावं, कारण ते त्यांना आपल्याआधी माहीत असतं.